घटक ७ : व्यवसायक्षेत्राची भाषा – हॉटेलातील हाउसकीपिंगचा अभ्यास

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणात हाउसकीपिंग या विषयाचे स्थान सांगता येईल;
• या कामात इंग्रजी परिभाषा कोठे ठेवावी आणि मराठी शब्द कोठे अधिक नेमके ठरतात, हे सोदाहरण स्पष्ट करता येईल;
• कामाची सूचना आणि पाळीची नोंद निःसंदिग्ध मराठीत लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषा अभ्यासली. कार्यालयात लिहिणारा आणि वाचणारा दोघेही कागदाला सरावलेले असतात. प्रस्तुत घटकात आपण जे क्षेत्र पाहणार आहोत, तेथे तशी स्थिती नाही. हॉटेल व्यवस्थापनाचा विद्यार्थी हाउसकीपिंग हा विषय इंग्रजी पुस्तकांतून शिकतो, इंग्रजीतून परीक्षा देतो. आणि पदवीनंतर वर्षभरातच एखाद्या मजल्याचा सुपरवायझर म्हणून ज्यांच्याकडून काम करवून घेतो, त्यांच्यातील अनेकांनी ते पुस्तक कधी पाहिलेले नसते. त्या माणसांशी तो मराठीत किंवा हिंदीत बोलतो. पुस्तकातील ज्ञान मजल्यापर्यंत पोहोचते की वाटेतच अडते, हे त्याच्या भाषेवर अवलंबून असते.

मराठीच्या पदवीचा आणि पलंगावरच्या चादरीचा संबंध काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात भाषा वापरणाऱ्याच्या हातात काय आहे, हेही पाहावे लागते. येथे त्याच्या हातात आम्लाची बाटली असते, परक्या माणसाच्या खोलीची किल्ली असते, आणि त्या माणसाची अंगठी हरवली तर पहिला संशयही बहुधा त्याच्यावरच येतो. अशा ठिकाणी एखादे वाक्य अस्पष्ट राहिले तर त्याचे परिणाम गुणपत्रिकेपुरते उरत नाहीत. तुमच्यापैकी काहीजण स्वतः हे काम करीत असतील. त्यांनी पुढील विवेचन आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे.

७.२ ‘हॉटेल’ या शब्दाचा मराठी अर्थ

मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे प्रामुख्याने खाण्याचे ठिकाण. आपण ‘हॉटेलात जेवलो’ म्हणतो. मुक्काम केला असेल तर ‘लॉजवर उतरलो’ म्हणतो. चार टेबले, एक शेगडी आणि बाहेर मिसळीची पाटी एवढ्यावर ‘हॉटेल’ हे नाव मराठीत सिद्ध होते. परिणामी मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकते असे आईवडिलांनी सांगितले, की ऐकणारा विचारतो, “म्हणजे स्वयंपाक शिकते का?” या प्रश्नात हाउसकीपिंगला जागाच नसते.

हा समज केवळ शब्दामुळे झालेला नाही. मुंबईत दादर येथील हॉटेल व्यवस्थापन संस्था १९५४ मध्ये सुरू झाली. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने ती स्थापन केली, आणि ‘केटरिंग तंत्रज्ञान’ व ‘उपयोजित पोषणशास्त्र’ हे शब्द संस्थेच्या पूर्ण नावात आजही आहेत. या शिक्षणाचा उगम अन्नाच्या प्रश्नाशी निगडित होता. राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंग तंत्रज्ञान परिषद १९८२ मध्ये आली; तिच्याशी संलग्न संस्थांच्या पदवी अभ्यासक्रमात अन्ननिर्मिती, अन्न व पेयसेवा, फ्रंट ऑफिस आणि निवासव्यवस्था असे चार मुख्य विषय असतात. चौथ्या विषयाचे रोजच्या बोलण्यातील नाव हाउसकीपिंग.

वस्तुतः आपल्याकडे उतारूंच्या निवासाचा विचार अन्नाआधी स्वच्छतेच्या अंगाने झालेला दिसतो. १८६७ च्या सराई कायद्याने सराईची नोंदणी आवश्यक केली आणि तेथील खोल्या, ओसऱ्या व गटारे स्वच्छ राखणे हे सराई चालवणाऱ्याचे कर्तव्य ठरवले. आज आपण हाउसकीपिंग म्हणतो ते काम कायद्याच्या भाषेत दीडशे वर्षांहून अधिक काळ उपस्थित आहे. समाजाच्या बोलण्यात मात्र त्याला स्वतंत्र नाव मिळाले नाही.

मराठीत ‘गृहव्यवस्थापन’ हा प्रतिशब्द सुचवला जातो. पण गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमांत तो घरसंसाराच्या नियोजनासाठी पूर्वीपासून रूढ आहे. ‘स्वच्छता विभाग’ म्हटले तर नगरपालिका डोळ्यांपुढे येते, शिवाय चादरी-टॉवेलांचा साठा, फुलांची मांडणी, सापडलेल्या वस्तूंची जपणूक, खोलीतील बिघाडांचा पाठपुरावा ही सारी कामे त्या नावाबाहेर राहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘हाउसकीपिंग’ हाच शब्द ठेवणे योग्य. तो मजल्यावरच्या प्रत्येकाला कळतो, आणि ज्यांचा तो शब्द आहे त्यांना कळणे ही परिभाषेची पहिली कसोटी होय.

७.३ विद्यार्थी काय शिकतो?

पहिल्या वर्षी महाविद्यालयातील सराव-खोलीत त्याचा प्रवेश होतो. ही पाहुणा नसलेली खोली असते. एकच पलंग वीस विद्यार्थी आळीपाळीने मोडतात आणि पुन्हा लावतात. खोली आवरण्याचा क्रम येथे अंगवळणी पडतो : दार वाजवून ‘हाउसकीपिंग’ असे सांगणे, थांबणे, पुन्हा वाजवणे, आत गेल्यावर पडदे उघडणे, केर व वापरलेले कापड बाहेर काढणे, पलंग लावणे, वरून खाली या दिशेने धूळ पुसत येणे, आणि शेवटी खोलीच्या आतील टोकापासून दारापर्यंत फरशी किंवा गालिचा साफ करीत बाहेर पडणे. न्हाणीघर पलंगाआधी की नंतर, याबाबत प्रत्येक हॉटेलाची पद्धत वेगळी असते. क्रमामागचे तत्त्व मात्र एकच : जे आवरले आहे ते पुढच्या कृतीने पुन्हा मळता कामा नये.

विद्यार्थ्याला गणितही करावे लागते. आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे असतात. त्यांतून जेवण, पाळीच्या आरंभीची बैठक, ट्रॉली भरणे आणि परत लावणे यांची ८० मिनिटे वजा केली तर ४०० उरतात. एका अटेंडंटकडे १४ खोल्या असतील तर प्रत्येक खोलीला साधारण २८ मिनिटे मिळतात. पाहुणा सोडून गेलेल्या खोलीला अर्थातच अधिक वेळ लागतो, म्हणजे तो वेळ दुसऱ्या कोणत्यातरी खोलीतून काढावा लागतो. वेळापत्रक कागदावर जुळवताना विद्यार्थ्याला हा आकडा सोपा वाटतो. स्वतः १४ पलंग लावल्यावर त्याला आपल्या कमरेकडून त्याचा अर्थ समजतो. तसेच ‘पार’ या संज्ञेचे. एका खोलीला एका वेळी लागणारे कापड म्हणजे एक पार. १०० खोल्या आणि दर खोलीत दोन चादरी, तर एक पार २०० चादरींचा. काही खोलीत, काही धुलाईत, काही मजल्यावरच्या कपाटात, काही भांडारात, असा हिशेब करून हॉटेल चार-पाच पार साठा ठेवते, म्हणजे ८०० ते १००० चादरी. (मराठीतील झाडाच्या पाराशी या शब्दाचा संबंध नाही, हे सांगण्याची वेळ वर्गात येतेच.)

यानंतर येते औद्योगिक प्रशिक्षण. विद्यार्थी महाविद्यालयाबाहेर, एखाद्या चालू हॉटेलात अनेक आठवडे काम करतो आणि विभागवार अनुभव घेतो. येथे त्याला खोल्यांच्या स्थितीची भाषा भेटते. फ्रंट ऑफिसच्या संगणकावर खोली ‘ऑक्युपाइड’ दिसते आणि अटेंडंट सांगतो की पलंग जसाच्या तसा आहे. ही ‘स्लीप आउट’ खोली : पाहुण्याने खोली घेतली आहे, पण रात्री तेथे झोपलेला नाही. पाहुणा पैसे न देताच निघून गेला असेल तर तो ‘स्किपर’. ज्याच्यापाशी नावापुरतेच सामान आहे, त्याची खोली ‘स्कँटी बॅगेज’ म्हणून नोंदवतात, कारण असा पाहुणा स्किपर ठरण्याची शक्यता अधिक. हे शब्द मराठीत आणण्याचा अट्टहास करू नये. दोन विभाग दूरध्वनीवरून आणि संगणकातून हेच शब्द देवघेव करतात. मध्येच एकाने ‘निद्राबाह्य’ म्हटले तर खोलीची विक्री चुकेल. मात्र ज्या विद्यार्थ्याला ‘स्लीप आउट’चा अर्थ स्वतःच्या भाषेत एका वाक्यात सांगता येत नाही, त्याने तो शब्द पाठ केला आहे, शिकलेला नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण नेमकी येथे असते. त्यांना काम येत असते, पण मौखिक परीक्षेत शब्द सापडत नाहीत. काहींना शब्द सापडतात, पण मजल्यावर ते निरुपयोगी ठरतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
‘स्लीप आउट’, ‘स्किपर’ आणि ‘स्कँटी बॅगेज’ या संज्ञांचे अर्थ, हॉटेलात कधीही काम न केलेल्या व्यक्तीला कळतील अशा प्रत्येकी एका मराठी वाक्यात लिहा.

७.४ हाताच्या कामाची क्रियापदे

परिभाषा इंग्रजीत राहू द्यावी, असे वर म्हटले. कृतींबाबत मात्र आपला निष्कर्ष वेगळा आहे. सफाईच्या प्रत्येक हालचालीला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे आणि ते विद्यार्थ्याने, विशेषतः विद्यार्थिनीने, घरातच ऐकलेले आहे. झाडणे, लोटणे, झटकणे, पुसणे, टिपणे, घासणे, खरवडणे, विसळणे, खळबळणे, पिळणे, निथळणे, सारवणे. ‘साफ करा’ ही एकच सूचना या साऱ्यांवर पांघरूण घालते. साफ करा म्हणजे काय करा?

गालिच्यावर चहा सांडला आहे असे समजू. पुस्तकातील नियम असा की डाग कोरड्या, पांढऱ्या कापडाने दाबून शोषून घ्यावा, चोळू नये. चोळल्यास द्रव धाग्यांत खोल जातो आणि डाग पसरतो. हे सगळे मराठीत एका क्रियापदात मावते : चहा टिपून घ्या. ‘पुसा’ म्हटले तर हात आडवा फिरेल, ‘घासा’ म्हटले तर गालिचा बिघडेल. टीपकागद वापरलेल्या पिढीला तर हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. तसेच चादरीचे. घरी आपण चादर झटकतो. हॉटेलात वापरलेली चादर झटकण्यास मनाई असते, कारण उडालेली धूळ नुकत्याच पुसलेल्या टेबलावर येऊन बसते. ती गुंडाळत काढायची असते. ‘झटकू नका, गुंडाळा’ या तीन शब्दांत नियम पूर्ण होतो. पाण्याच्या पेल्यांबाबत ‘विसळा’ आणि ‘निथळू द्या’ या दोन क्रियापदांमधील अवकाश महत्त्वाचा, कारण घाईत त्याच फडक्याने पेला पुसण्याची चूक तेथेच होते. आणि ते फडके याआधी कोठे फिरले होते, हे पाहुण्याला माहीत नसते. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या रंगांची फडकी ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली.

पलंगाच्या कापडांची नावेही अशीच तपासून पाहावीत. अभ्रा, खोळ, पलंगपोस, दुलई, पायपुसणे हे शब्द अनेकांच्या घरी जिवंत आहेत. हॉटेलात ‘पिलो कव्हर’ रूढ झाले असेल तर ‘अभ्रा’ म्हणा असा आग्रह धरू नये; पण एखाद्या मावशींनी अभ्रा म्हटल्यावर शिकाऊ विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

कृतीचे वर्णन कसे असावे, याचा नमुना म्हणून पलंगाच्या कोपऱ्याची घडी घेऊ. इंग्रजी पुस्तकात तिला ‘मायटर्ड कॉर्नर’ म्हणतात. सुताराला चौकटीचा पंचेचाळीस अंशांचा सांधा ठाऊक असेल तर त्याला नाव कळेल. इतरांना कृतीच सांगावी लागते :

“पायाकडचा चादरीचा लोंबता भाग गादीखाली खोचा. कोपऱ्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर चादरीचा बाजूचा काठ धरा आणि वर उचला; त्रिकोण तयार होईल. तो त्रिकोण गादीवर ठेवा. खाली जे लोंबत राहिले असेल ते गादीखाली खोचा. आता त्रिकोण खाली आणा, ताणा आणि तोही खोचा.”

या परिच्छेदात एकही संज्ञा नाही. प्रत्येक वाक्यात एक ते तीन कृती आहेत आणि त्या ज्या क्रमाने करायच्या त्याच क्रमाने आल्या आहेत. ‘खोचण्यापूर्वी उचललेला त्रिकोण गादीवर ठेवलेला असल्याची खात्री करावी’ असे लिहिले असते तर व्याकरण बिघडले नसते, पण वाचणाऱ्याचा हात अडला असता.

७.५ बाटलीवरची सूचना

हॉटेलातील सफाईची रसायने विद्यार्थ्याला बहुधा सांकेतिक क्रमांकांनी पाठ असतात. टास्की या मालिकेतील आर-१ न्हाणीघरासाठी, आर-२ सर्वसाधारण पृष्ठभागांसाठी, आर-३ काचेसाठी, आर-४ लाकडी सामानाच्या चकाकीसाठी, आर-५ हवेतील सुगंधासाठी आणि आर-६ संडासाच्या भांड्यासाठी. ही क्रमांकांची भाषा वरवर पाहता आदर्श आहे. ती कोणत्याही प्रांताची नाही, वाचता न येणाऱ्यालाही आकडा ओळखता येतो, आणि कोकणातला सुपरवायझर झारखंडच्या अटेंडंटला ‘आर-सिक्स आण’ म्हणाला की काम होते. पण या नावातून बाटलीत काय आहे ते कळत नाही. आर-६ आम्लयुक्त असते. तेच भांडे आधी ब्लीचने धुतले गेले असेल आणि त्यावर आम्ल पडले, तर क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात तो श्वासाला घातक ठरतो. क्रमांक पाठ असलेल्या माणसाला हा धोका क्रमांकातून दिसणार नाही. तो कोणीतरी शब्दांत सांगावा लागतो.

आता पुढील सूचना वाचा :

“सदर द्रावण क्लोरीनयुक्त विरंजकांसमवेत मिश्रित करण्यात येऊ नये. तसे केल्यास घातक वायूची निर्मिती संभवते. संगमरवरी पृष्ठभागांवर वापर वर्ज्य.”

ही सूचना शुद्ध आहे आणि निरुपयोगी आहे. ‘विरंजक’ म्हणजे ब्लीच, हे जिला कळायला हवे तिला कळणार नाही. शिवाय दोन बाटल्या एकत्र ओतणे एवढेच ‘मिश्रित करणे’ असे वाचणाऱ्याला वाटेल; एकापाठोपाठ एक वापरणे हाही मिसळण्याचाच प्रकार आहे, हे वाक्यात आलेलेच नाही. चूक झालीच तर काय करावे, याबद्दल ती मौन पाळते. हीच सूचना अशी लिहिता येईल :

“ही बाटली फक्त संडासाच्या भांड्यासाठी. हिच्यात आम्ल आहे. हातमोजे घाला. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर हिच्याबरोबर वापरू नका, हिच्याआधी नको आणि नंतरही नको. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू निघतो. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर काम तसेच टाकून बाहेर या आणि सुपरवायझरला बोलवा. संगमरवरावर वापरू नका. दगड खराब होतो.”

दुसरी सूचना लांबली आहे, हे खरे. पण ‘काम तसेच टाकून बाहेर या’ हे वाक्य लिहिणे आवश्यकच होते. चौदा खोल्यांचा हिशेब डोक्यावर असलेला अटेंडंट काम अर्धवट टाकण्यास धजत नाही. त्याला तशी परवानगी लेखी मिळालेली असावी.

प्रमाण सांगतानाही असाच विचार करावा. पुस्तकात ‘१:५०’ असते. याचा अर्थ १ लिटर पाण्यात २० मिलिलिटर द्रव, ५ लिटरच्या बादलीत १०० मिलिलिटर. मजल्यावर मात्र माप असते ते टोपणाचे. म्हणून सुपरवायझरने एकदा ते टोपण मोजून घ्यावे आणि मगच ‘एका बादलीला पाच टोपणे’ असे सांगावे. आधी पाणी, मग द्रव, हा क्रमही सांगावा. जास्त घातले की जास्त स्वच्छ होते, हा समज फार चिवट आहे. प्रत्यक्षात जादा द्रव फरशीवर चिकट थर धरून राहतो आणि त्यावर धूळ अधिक बसते.

७.६ पाळीची नोंदवही

हाउसकीपिंगच्या कार्यालयातील नोंदवही म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला लिहिलेले पत्र. प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्याकडे ती लवकरच येते, कारण त्याला लिहिता येते असे सगळे गृहीत धरतात. पुढील नोंद नमुन्यादाखल तयार केली आहे :

“४०७ चे काम झाले नाही. गेस्टने प्रॉब्लेम केला. नंतर बघणे.”

या नोंदीचे भाषिक परीक्षण करू. ‘काम झाले नाही’ या रचनेत करणारा नाही. ‘प्रॉब्लेम केला’ यात पाहुण्यावर आरोप आहे, पण घटना नाही. ‘बघणे’ हे तर कार्यालयीन मराठीचे लाडके रूप : पाठविणे, कळविणे, बघणे. आज्ञार्थासारखे वापरलेले हे णे-रूप सभ्य वाटते, परंतु कोणी बघायचे आणि कधीपर्यंत, या दोन्ही प्रश्नांतून ते अलगद निसटते. पुढच्या पाळीतील प्रत्येकजण दुसरा कोणी बघील असे मानेल. त्या खोलीत पाहुणा आजारी होऊन पडलेला असेल, तर तो तसाच पडून राहील. बराच वेळ न उघडलेल्या दाराकडे हाउसकीपिंगने गांभीर्याने पाहावे, असे विद्यार्थ्याला शिकवतात ते याचसाठी.

तीच नोंद पुढीलप्रमाणे असावयास हवी होती :

“खोली ४०७. सकाळी १०.१५ आणि दुपारी १२.४० या दोन्ही वेळी दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ पाटी होती. दार वाजवले नाही. दुपारी २.१० वाजता फ्रंट ऑफिसने खोलीत फोन केला. उत्तर आले नाही. २.२० वाजता मी ड्यूटी मॅनेजरना कळवले. २.३५ वाजता ते आणि सुरक्षा कर्मचारी यांच्यासमोर दार उघडले. पाहुणे खोलीत नव्हते, सामान जागेवर होते. पाटी चुकून राहिली असावी. अटेंडंटने ३.१५ पर्यंत खोली आवरली. संध्याकाळच्या पाळीच्या सुपरवायझरने पाहुणे परत आल्यावर त्यांना दार उघडल्याचे सांगावे.”

येथे ‘होती’ आणि ‘असावी’ यांतील फरक लक्षात घ्या. पाहिलेले सारे निश्चयार्थी रूपात आहे. अनुमान एकच आहे आणि ते ‘असावी’ या रूपाने वेगळे दाखवले आहे.

सापडलेल्या वस्तूंच्या नोंदीत हा भेद अधिकच कसोटीला लागतो. अटेंडंटला उशीखाली अंगठी सापडली. नोंदीत ‘सोन्याची अंगठी’ लिहिले आणि पाहुण्याने नेताना ती पितळेची निघाली, तर बदलल्याचा आळ कोणावर येईल? पोलिसांच्या पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूची अंगठी’ असे लिहिण्याची रीत आहे. आपण त्या भाषेला हसतो. येथे तिचे शहाणपण कळते. डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे : पिवळ्या धातूची, एक लाल खडा बसवलेली, खोली ३१२, डाव्या उशीखाली, सकाळी ११.०५, कोणाला सापडली, कोणासमोर जमा केली. ही नोंद पाहुण्याच्या मालमत्तेसाठी आहे असे पुस्तक सांगते. ती सापडवणाऱ्याच्या अब्रूसाठीही आहे, असे प्रस्तुत लेखक त्यास जोडू इच्छितो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
पुढील वाक्यांत करणारा कोण आहे हे कळेल अशी पुनर्रचना करा : (अ) खोली २१० मधील चादर बदलण्यात आली नाही. (आ) गळका नळ दुरुस्त करून घेणे. (इ) तक्रारीची दखल घेतली जाईल.

७.७ माणसांना काय म्हणावे?

महाराष्ट्रातील रुग्णालयांत, शाळांत आणि कार्यालयांत सफाई करणाऱ्या स्त्रीला ‘मावशी’ आणि पुरुष सेवकाला ‘मामा’ म्हणण्याची रूढी आहे. नात्याच्या शब्दाने कामाचा कोरडेपणा कमी होतो, हे खरेच. परंतु त्याच रूढीने त्या व्यक्तीचे नाव पुसले जाते, हेही नजरेआड करू नये. डॉक्टरांना नाव असते, परिचारिकेला निदान ‘सिस्टर’ हे पदनाम असते. मावशी मात्र सगळ्या मावशीच. हॉटेलांत ‘रूमबॉय’ हा शब्द अजून ऐकू येतो, आणि तो पन्नाशीच्या माणसालाही लावला जातो. ‘रूम अटेंडंट’ हे नाव वय आणि लिंग दोन्ही बाजूला ठेवते, म्हणून पाठ्यपुस्तकांनी ते स्वीकारले. एकवीस वर्षांच्या शिकाऊ सुपरवायझरने पंचेचाळीस वर्षांच्या अटेंडंटशी बोलताना नावापुढे ‘ताई’, ‘दादा’ किंवा ‘मावशी’ लावावे, क्रियापद आदरार्थी ठेवावे, आणि चूक दाखवताना खोलीचा क्रमांक सांगावा : “सुनंदामावशी, ४०७ चे पायपुसणे बदलायचे राहिले आहे.” ‘तुम्ही नेहमी विसरता’ या वाक्यात खोलीचा क्रमांक नसतो.

या विषयाची खरी गाठ जातीशी आहे आणि ती अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. दुसऱ्याची घाण काढणे हे काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही जातींवर लादले आणि त्याच कामासाठी त्यांना हीन ठरवले. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजली जाते. ती रोज हातात धरणाऱ्याला तो मान मिळाला नाही. म्हणूनच हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेतलेला मुलगा घरी ‘हाउसकीपिंगला नेमणूक झाली’ हे सांगताना अडखळतो, आणि ज्यांच्या घरात हे काम सक्तीने आले होते त्यांच्यातील मुलाला अडखळण्याचे आणखी वेगळे कारण असते. प्रशिक्षणात प्रत्येकाला, जात आणि घर न विचारता, संडासाचे भांडे घासावे लागते. एवढ्याने भेद मिटतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. कारण प्रशिक्षण संपल्यावर एकजण सुपरवायझर होतो आणि दुसरा तेथेच राहतो.

महाराष्ट्राला या संदर्भात गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) स्मरण होणे स्वाभाविक आहे. गावात शिरताच खराटा घेऊन गाव झाडणारे गाडगेबाबा सर्वांना आठवतात. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या, ही गोष्ट त्या मानाने कमी उच्चारली जाते. पंढरपुरात इतर धर्मशाळांची दारे ज्यांना बंद होती, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. परक्याला निवारा देणे आणि तो निवारा स्वच्छ राखणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच हाताने केली. हाउसकीपिंगच्या मराठी अभ्यासकाने आपली परंपरा शोधायची झाल्यास ती येथे शोधता येईल.

आणखी एक मुद्दा थोडक्यात. खोली आवरताना दार उघडे ठेवावे आणि ट्रॉली दारात आडवी लावावी, असा संकेत अनेक हॉटेलांत आहे. अटेंडंट स्त्रियांना तो सांगताना सुपरवायझर संकोचाने ‘तसा नियम आहे’ म्हणून थांबतात. कारणही सांगावे. पाहुण्याने गैरवर्तन केल्यास तक्रार करण्याचा अधिकार कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दिला आहे, आणि तो ज्या भाषेत समजेल त्या भाषेत सांगणे हे सुपरवायझरचे काम आहे.

७.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील लॉज, धर्मशाळा, रुग्णालय किंवा तुमचे स्वतःचे कामाचे ठिकाण निवडा. संबंधितांची परवानगी घेऊन सफाईचे काम करणाऱ्या एका व्यक्तीशी, तिच्या सोयीच्या वेळी, अर्धा तास बोला. तिने वापरलेली किमान दहा क्रियापदे तिच्याच उच्चाराप्रमाणे टिपून घ्या. प्रमाण मराठीत ती बदलू नका. ती कोणती द्रव्ये वापरते, त्यांना काय म्हणते आणि माप कसे घेते, हे विचारा. बाटलीवरील सूचना कोणत्या भाषेत छापली आहे ते पाहा, आणि ती सूचना त्या व्यक्तीला वाचून दाखवल्यावर तिला काय समजले ते तिच्या शब्दांत लिहा. लोक तिला कोणत्या नावाने हाक मारतात आणि तिला स्वतःला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, हे दोन्ही विचारायला विसरू नका.

यावर आधारित दोन पानांचे टिपण तयार करा. टिपणात त्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीशिवाय देऊ नये. शेवटी त्याच बाटलीसाठी तुम्ही स्वतः लिहिलेली, आठ वाक्यांहून मोठी नसलेली मराठी सूचना जोडा. ती आधी त्या व्यक्तीला वाचून दाखवा, जेथे ती अडखळेल तेथे शब्द बदला, आणि दोन्ही मसुदे अभ्यासकेंद्रावरील संमंत्रकांकडे सादर करा.